चादर कोणी धरली होती?

हा एपिसोड मी सोनारीतून, म्हणजे परांडा तालुक्यातल्या आमच्या गावातून रेकॉर्ड करतोय. आवाज जरा हळू वाटेल, कारण बाजूच्या खोलीत पाच महिन्यांची पोरगी आत्ताच झोपलीय.

ती झाल्यावर मी एक जुना कॅमेरा विकत घेतला. दिवसभर लॅपटॉपवर कोड, रात्री यूट्यूबवर शटर आणि आयएसओ. अडचण अशी की आमच्या जुन्या घरात उजेड कमी आणि लेकरू एक सेकंद स्थिर राहत नाही. शटर १/२०० ठेवलं तर फोटो काळा, १/३० वर आणलं तर हातपाय पुसट. तान्ह्या बाळाच्या तोंडावर फ्लॅश मारायला मन होत नाही. शेवटी उपाय सापडला. बाळाला खिडकीजवळ झोपवायचं आणि दुसऱ्या बाजूनं पांढरी चादर धरायची, म्हणजे उजेड चादरीवर आपटून चेहऱ्यावर येतो. फोटो एकदम मस्त आले! चादर बायकोनं धरली होती.

आणि मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या.

दादासाहेब फाळके आपल्याला माहीत असतात. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी हा माणूस वीसेक वर्षं साध्या फोटोग्राफीशी झगडत होता. १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात शिकताना त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पुढे गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून बस्तान बसवलं, तर तिथं प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन धंदा मांडला, पण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो असं लोकांना वाटायचं, त्यामुळे गिऱ्हाईक येईना. हसू नका. आमची आजी अजून म्हणती, "लेकराचा फोटू काढू नगं, दिष्ट लागती." फोटो काढला की ती लगेच मीठ-मोहरी ओवाळते. फोटो व्हॉट्सॲपवर आला की सगळ्यात आधी बघते पण तीच.

१९०२ मध्ये फाळक्यांचं दुसरं लग्न झालं. माहेरची गिरिजा करंदीकर, फाळक्यांच्या घरी सरस्वती झाली. १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले. मे महिन्यात तो दादरच्या घरी पोचला आणि चार दिवसांत त्यांनी तो जोडला. पहिली चाचणी कशावर? आजूबाजूच्या पोरांवर. नवीन कॅमेरा आला की कुणीही हेच करतं.

आता खरी गंमत. तेव्हा त्यांच्याकडची कच्ची फिल्म भोकं न पाडलेली होती. कॅमेऱ्याचे दाते ज्यात अडकतात ती दोन्ही कडांची भोकं घरी मशीननं पाडायची, तीही अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम आणि फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाई शिकल्या.

इंजिनीअर आहे, म्हणून हिशोब केला. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला एका बाजूला ४ भोकं. दोन्ही बाजू धरल्या तर फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकं! मशीन एका दाबात अनेक भोकं पाडत असेल, मान्य. पण वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही.

हे रात्रीचं काम. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि शूटिंग चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडेल. तीच चादर, माझ्या घरातली. त्यात पैशासाठी दागिनेही दिलेले.

आणि घरात पोरं होती. थोरला भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहित झाला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली मंदाकिनी तेव्हा सात वर्षांची होती. मग वजाबाकी करा. कॅमेरा घरी आला त्या सुमारास ती तान्ही असणार. अंधाऱ्या खोलीत अर्धी फिल्म मशीनमध्ये आहे आणि बाहेर बाळ रडायला लागलं, तर दार उघडायचं की नाही? हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. आता रोज रात्री पडतो, फरक इतकाच की माझी फिल्म खराब होत नाही.

फाळक्यांची एक छोटी फिल्म मला फार आवडते, 'अंकुराची वाढ'. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला त्यांनी कुंडीत वाटाणे लावले आणि महिन्याहून जास्त दिवस ते वाढताना टिपले. पडद्यावर मिनिटभरात वेल चढतो. लोक सांगतात की रोज एक फ्रेम घेतली. गणित बसत नाही. मिनिटाला सेकंदाच्या १६ च्या हिशोबानं ९६० फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. सकाळ-संध्याकाळ त्या कुंडीपाशी जावंच लागलं असणार. जवळपास तान्ह्या लेकरासारखंच. ते बघून मी पोरीचा रोज एक फोटो, त्याच खिडकीत, त्याच गोधडीवर काढायला लागलो. मध्ये लसीकरणाचे दोन दिवस राहिले, ताप होता.

तिकडे इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बाळांचे फोटो काढायची वेगळीच तऱ्हा होती. एक्स्पोजर काही सेकंदांचं, बाळ हललं की फोटो गेला. म्हणून आई बाळाला घट्ट धरून बसायची आणि तिच्या अंगावर डोक्यापासून कापड टाकायचे, खुर्चीच असावी तसं. असे शेकडो फोटो आज संग्राहकांकडे आहेत. बाळ स्पष्ट, त्याच्यामागे कापडाचा एक ढीग, कधी त्यातून बाहेर आलेला हात.

हे वाचल्यावर मी माझं फोल्डर उघडलं. पाच महिन्यांचे साडेतीनशे फोटो. बायको एकाही फोटोत नाही. आठ-दहा फोटोंच्या कडेला चादर दिसते आणि चादरीवर तिची बोटं.

मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "मग दे कॅमेरा इकडं." मोड कुठला, फोकस कसा लावायचा, काही विचारलं नाही, महिनाभर चादर धरून बघत होती ना. मी चादर धरली. पाच मिनिटांत दंड भरून आले, चादर खाली आली, तर ओरडली, "वर धर की, सावली पडतीय!"

पहिले वीस फोटो हलले. एकविसाव्यात पोरगी हसतीय, आणि कोपऱ्यात माझा अंगठा.

उठली वाटतं. थांबतो.