कुत्रा बेंचवर असतो तेव्हा...

माणसं कामाला गेल्यावर घरातल्या कुत्र्याने दिवसभर करायचं काय? प्रश्न इतका साधा आहे की तो पहिल्यापासून असणारच असं वाटतं. पण खरं म्हणजे तो अगदी अलीकडचा आहे. कुत्रा माणसाबरोबर राहायला लागून किमान चौदा हजार वर्षं झाली. (जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली माणसांच्या शेजारी पुरलेला एक कुत्रा सापडला, तो साधारण एवढा जुना.) यातला बहुतेक सगळा काळ कुत्रा घरी एकटा नसायचाच, आणि रिकामा तर अजिबात नसायचा. शिकार, राखण, मेंढरं वळणं, काही ना काही चालू. आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा बघा. त्याला कुणी खेळणं आणून दिलंय का?

इंग्लंडमध्ये तर कुत्र्यांना चक्क स्वयंपाकघरात नोकरी होती. चुलीसमोर सळईला मांसाचा मोठा तुकडा लावलेला, तो तासन् तास फिरवत ठेवायचा. त्यासाठी भिंतीवर उंच एक लाकडी चाक आणि चाकाच्या आत पळणारा कुत्रा. जॉन कीज नावाच्या डॉक्टरने कुत्र्यांवर लिहिलेल्या पुस्तकात (मूळ लॅटिन १५७०, इंग्रजी भाषांतर १५७६) या कुत्र्यांचा उल्लेख आहे. लांब अंग, आखूड वाकडे पाय. धूर, उष्णता आणि कधीच कुठे न पोचणारं पळणं. ही नोकरी चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात सळई फिरवणारी यंत्रं स्वस्त झाली आणि ही जातच संपली. वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हनीच्या संग्रहालयात त्यातला एक पेंढा भरलेला कुत्रा आजही आहे. ऑटोमेशनमुळे नोकरी जाणं हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं कुणाला वाटत असेल, तर त्याने त्याचा फोटो जरूर बघावा.

म्हणजे कुत्र्याचं एक काम यंत्राने नेलं. दुसरं काम, पोट भरण्याचं, बिस्किटाने नेलं. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं विकायला सुरुवात केली. तयार कुत्राखाद्याचा धंदा तिथून वाढत गेला. (त्याच कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली ते प्रसिद्ध 'क्रफ्ट्स' प्रदर्शन सुरू केलं.) सोय उत्तम झाली, वाद नाही. पण वास घेणं, हुंगत फिरणं, उकरणं, फोडणं, चघळणं अशी दिवसभराची कामं एका वाटीत आली आणि दोन मिनिटांत संपायला लागली. उरलेल्या वेळाचं काय, हे मात्र कुणी ठरवलं नाही.

आता आपल्या भाषेत सांगतो. आयटीत ज्याने कधी 'बेंच'वर दिवस काढलेत त्याला हे लगेच कळेल. प्रोजेक्ट नाही, पगार मात्र वेळेवर. पहिले चार दिवस मजा वाटते. मग कँटीनच्या फेऱ्या, मग चिडचिड, आणि दुसऱ्या महिन्यात माणूस स्वतःहून मॅनेजरच्या केबिनबाहेर घुटमळायला लागतो. फुकट मिळतंय तर घ्यावं ना गप्प! पण होत नाही.

आणि हे फक्त माणसाचं नाही. १९६३ साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने २०० उंदरांवर एक प्रयोग केला. एकीकडे वाटीत खाणं तयार. दुसरीकडे तेच खाणं, पण कळ दाबली तरच. बऱ्याच उंदरांनी वाटी समोर असतानाही कळ दाबून खाल्लं. पुढे इतर अनेक प्राण्यांमध्येही हे दिसलं. (घरातली मांजरं हा ठळक अपवाद. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना आश्चर्य वाटणार नाही.)

कुत्र्यांच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दोन वेगळे प्रयोग, जवळजवळ अर्ध्या शतकाच्या अंतराने झालेले. पहिला १९६७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की ते काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. बरेचसे कुत्रे उठलेच नाहीत, नुसते कण्हत पडून राहिले. 'आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही' हे ते शिकले होते. वाचताना पोटात कालवतं, पण मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग कायमचा जाऊन बसला.

दुसरा स्वीडनमधला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. बीगल कुत्र्यांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाने एक उपकरण नीट चालवलं की त्याला बक्षीस. दुसऱ्यालाही तेच बक्षीस, तेवढ्याच वेळानंतर, पण त्याने काय केलं याचा बक्षिसाशी काही संबंध नाही. थोडक्यात, दोघांचा पगार सारखा आणि एकटाच प्रोजेक्टवर. काम जमलेले कुत्रे शेपटी हलवत, उत्साहाने पळत प्रयोगाच्या जागी जायचे. दुसरे हळूहळू आत यायलाच नाखूश झाले. खाऊ तोच होता. फरक फक्त 'हे माझ्यामुळे झालं' एवढाच.

या दोन प्रयोगांच्या मध्ये कुठेतरी एक रबरी तुकडा येतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलिसातून निवृत्त झालेला. निवृत्त पोलीस घरी बसल्यावर काय करणार! हा दगड चघळायचा, त्यात त्याचे दात झिजायला लागले. एकदा मार्कहॅम आपली जुनी फोक्सवॅगन बस दुरुस्त करत असताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झने पळवला आणि सोडायलाच तयार होईना. त्या आकारावरून खेळणं तयार झालं. कुणीतरी म्हणालं की हे तर किंग काँगच्या कानातल्या बोळ्यासारखं दिसतंय, म्हणून नाव पडलं 'काँग'. कंपनी १९७६ ची. हे खेळणं आपटलं की वेडंवाकडं उसळतं, आणि आतून पोकळ असल्यामुळे त्यात खाऊ भरता येतो. या पोकळीमुळेच स्प्रॅटच्या बिस्किटाने संपवलेलं काम थोडं का होईना परत आलं.

पुढे १९९० च्या दशकात स्वीडनच्या निना ओटोसन यांनी कुत्र्यांसाठी झाकणं सरकवायची, ठोकळे उचलायची लाकडी कोडी बनवायला सुरुवात केली. मग २०१२ साली अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये कुत्र्यांसाठी खास टीव्ही चॅनेलच सुरू झालं. कुत्र्याला निळा-पिवळा दिसतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही, म्हणून रंगही तसे बदललेले. संगीताचंही बघा. २००२ साली बेलफास्टच्या डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांना आढळलं की निवारागृहातले कुत्रे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर जास्त वेळ शांत पडून राहतात आणि हेवी मेटलवर जास्त भुंकतात. तेव्हा घराबाहेर पडताना काय लावायचं ते ठरवा. पण टीव्ही आणि गाण्यांत कुत्र्याने काही केल्याने काही होत नाही. ते चांगलं बॅकग्राउंड आहे, काम नव्हे.

हे सगळं मी का वाचत बसलो? तर आमच्या टीममधल्या एकाने २०२१ साली, वर्क फ्रॉम होमच्या भरात, बीगल आणला. दीड वर्ष दोघंही मजेत. मग ऑफिस सुरू झालं. घर ते हिंजवडी धरून अकरा तास कुत्रा टू बीएचकेमध्ये एकटा. सोफा फाटला, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या, आणि घरचे म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी गावाकडे." तो विचारत होता, कुठलं खेळणं घेऊ?

खेळण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती आम्ही त्याच्या जुन्या फोनचा कॅमेरा लावून तपासली. कंटाळा आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळलेला कुत्रा खाऊ संपवतो आणि मग उद्योग शोधतो. एकटेपणाला घाबरणारा कुत्रा बहुधा भरलेल्या खेळण्याला तोंडही लावत नाही; दाराशी ओरबाडतो, लाळ गाळतो, येरझाऱ्या घालतो. हा आजार आहे, हट्ट नाही. अमेरिकेत १९९८ साली त्यासाठी क्लोमिप्रामिन या औषधाला खास मान्यताही मिळाली. तिथे खेळण्यापेक्षा डॉक्टर गाठावा.

त्याचा बीगल खात होता. म्हणजे कंटाळाच. मग सकाळचं जेवण वाटीत देणं बंद. दहीभात पोकळ रबरात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये, उरलेलं खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवलेलं. (कांदा, द्राक्षं-मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं पीनट बटर कधीच नाही. ही कुत्र्यांना विषारी आहेत.) आणि दुपारी वॉचमनकाकांच्या मुलाबरोबर अर्ध्या तासाची फेरी, रीतसर पैसे देऊन. माझ्या मते फरक पडला तो या फेरीने. सोफा नवा आला, कुत्रा तोच राहिला.

कारण खेळण्यालाही मर्यादा आहे. स्वीडनमधल्याच २०११ च्या एका अभ्यासात कुत्र्यांना घरी अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून चित्रण केलं. ते बराचसा वेळ नुसते पडून होते. पण दोन तासांनंतर मालक आल्यावर त्यांचं स्वागत अर्ध्या तासापेक्षा स्पष्टपणे जोरात होतं. पडून राहिलेला कुत्रा आपली वाट बघत नसतो, असं समजू नये.

शेवटी एक गोष्ट, जी वाचून मला खरंच अभिमान वाटला. अमेरिकेने प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना व्यायाम द्यायलाच हवा असा कायदा केला १९८५ साली. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडलं आणि त्या रेट्यातून १९६० चा कायदा आला. त्याच्या कलम ११ मध्ये साफ लिहिलंय: कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. घरातल्या कुत्र्यालाही तो लागू, आणि अमेरिकेच्या पंचवीस वर्षं आधी! कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला तो मात्र दहा ते पन्नास रुपये.

पन्नास रुपयांच्या भीतीने कुणी कुत्रा फिरवणार नाही हे उघड आहे. म्हणून पिल्लू आणायच्या आधी किंमत, जात, रंग यांच्याबरोबर एक आकडा कागदावर लिहावा: हा रोज किती तास बेंचवर असेल? आकडा फार मोठा आला, तर दुपारी दार उघडणारं माणूस आधी शोधावं. पिल्लू नंतर.