इर्ला नाल्याचा आकडा माहीत आहे, निकालाच्या साईटचा कुणी सांगेल का?

जुहूकरांना इर्ला नाला काय चीज आहे हे सांगायला नको. जुलैत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की काय होतं, ते आपण सगळे बघतो.

मुंबईचे जुने नाले आणि गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तेही ओहोटी असेल असं गृहीत धरून. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करा म्हणून सांगितलं. काम रेंगाळलं. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यानंतर कामं हलली, इर्ल्याचं पंपिंग स्टेशन उभं राहिलं. वाढवलेली क्षमताही त्या दिवशी पुरली नसती, हे खरं. पण व्यवस्था किती भार झेलते, हा आकडा निदान कागदावर होता. त्यावरून महापालिकेला जाब तरी विचारता आला.

आता दुसरा पूर बघा.

१६ जुलै २०२१. दहावीचा निकाल. करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, निकाल लागला ९९.९५ टक्के. दुपारी १ वाजता १५ लाखांवर मुलांचा निकाल ऑनलाईन दिसणार होता. साईट बसली, ती कित्येक तास. घरोघरी मुलं आसन क्रमांक आणि आईचं नाव पुन्हा पुन्हा टाकत राहिली. शेवटी मंत्र्यांना चौकशीची भाषा करावी लागली.

त्याआधी २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, आणि निर्णय ऐन परीक्षेच्या हंगामातला. निकाल ४५ दिवसांत लागायला हवेत. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, त्यांना वर्ष कोण परत देणार? जुहू-पार्ल्याच्या कॉलेजांतली मुलंही त्यात होती.

दोन्ही वेळी गर्दी अचानक आली का? नाही. विद्यार्थी किती, हे परीक्षेचे फॉर्म भरले तेव्हाच माहीत होतं. निकालाची वेळ तर सरकारच जाहीर करतं. पावसाला निदान वेळापत्रक नसतं!

सॉफ्टवेअरवाल्यांकडे यावर जुना उपाय आहे. लोड टेस्टिंग, म्हणजे भारचाचणी. ‘जेमीटर’ हे त्यासाठीचं फुकट मिळणारं साधन १९९८ पासून आहे. त्यात खोटी गर्दी तयार करतात. आधी १०० जण, मग हजार, मग लाख. प्रत्येक जण आसन क्रमांक टाकतो, आईचं नाव टाकतो, निकाल मागतो. पान किती सेकंदांत उघडलं, किती जणांना एरर आला, आधी सर्व्हर दमला की डेटाबेस, हे सगळं मोजलं जातं. ही चाचणी चालू साईटवर करायची नाही, तिच्यासारख्याच हुबेहूब दुसऱ्या यंत्रणेवर करायची. नाहीतर निम्म्या ताकदीच्या यंत्रावर काढलेला आकडा काय कामाचा?

आणि एकदा करून भागत नाही. चाचणी झाल्यावर कुणीतरी साईटवर मंत्र्यांचा मोठा फोटो चढवतो, कुणी नवीन रकाना जोडतो, आणि आधीचा आकडा बाद होतो. म्हणून ती स्वयंचलित ठेवतात. कोडमध्ये बदल झाला की रात्री चाचणी आपोआप पुन्हा चालते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेळ जास्त लागला, तर नवा बदल पुढे जातच नाही. तिथे साहेबांची सही चालत नाही, मशीन अडवतं.

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. निकालाच्या दिवशी टक्केवारी विचारली जाते, कोकण विभाग पहिला का ते विचारलं जातं, मुलींनी बाजी मारली हा मथळा तर तयारच असतो. साईट किती भार झेलेल, हा प्रश्न कानावर पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. निकाल असो, अकरावी प्रवेश असो की सरकारी भरतीचा फॉर्म, तारीख जाहीर करताना सोबत चार ओळी द्या. एका वेळी किती माणसं येतील असा अंदाज आहे, किती जणांवर चाचणी केली, कधी केली, पान किती सेकंदांत उघडलं. निविदेतच ही अट घाला. चाचणी नापास झाली तर साईट सुरू करू नका, तारीख पुढे ढकला. दोन दिवस उशीर लोक समजून घेतात.

तुमच्या वॉर्डातले नगरसेवक, आमदार भेटले तर हा प्रश्न जरूर विचारा. आणि फॉर्म भरताना साईट बसल्याचा तुमचा अनुभव तारखेसकट खाली लिहा. पुढच्या निकालाआधी एकत्र करून संबंधितांकडे देता येईल.