गाजर गवताच्या मागोमाग

अमेरिकेतील वन्य प्राणी म्हटले की डोळ्यांपुढे माळावरचे बायसन, ॲमेझॉनच्या अरण्यातला जग्वार, नाहीतर अँडीज पर्वतावरचे प्रचंड गिधाड उभे राहते. मुलांना विचाराल तर ती मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन सांगतील, आणि त्यांचे काही चुकले असे नाही. २०१६ साली तिथे आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. पण मी पडलो परभणीचा. आमच्याकडे ना समुद्र, ना प्राण्यांची मोठी बाग. तरीही अमेरिकेतला एक अस्सल रानटी जीव आमच्या बांधाबांधावर सुखाने नांदतो आहे. त्याची कुळकथा फराळाच्या ताटाबरोबर सांगावी असे फार दिवस मनात होते.

त्याच्या आधी आलेल्या दोघांचा उल्लेख केला पाहिजे. पहिला आला तो थेट दरबारी. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याच्या बंदरात फिरंग्यांना तोंडाला येईल ती किंमत देऊन काही चमत्कारिक जनावरे खरेदी केली आणि जहांगीर बादशहाला नजर केली. त्यांतल्या एका पक्ष्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग घटकेघटकेला पालटत. बादशहाला त्याचे नावही माहीत नव्हते. पण त्याने आपल्या आत्मवृत्तात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी म्हणजे टर्की.

दुसऱ्याला असा मानमरातब मिळाला नाही. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून सुंदर किरमिजी रंग निघे आणि त्या व्यापाराच्या किल्ल्या स्पेनच्या हाती होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या तोंडाला पाणी सुटले. १७९५ साली कॅप्टन नीलसनने ब्राझीलहून असे किडे कलकत्त्यास आणले. पण ते निघाले दुसऱ्याच, हलक्या जातीचे. रंगाचा धंदा काही बसला नाही. मात्र इथे आधीच येऊन माजलेल्या अमेरिकी निवडुंगाचा त्यांनी असा फडशा पाडला की पुढे १८६० नंतर तेच किडे मुद्दाम सिंहलद्वीपी नेण्यात आले. रंगाऱ्यासाठी आणलेला किडा शेतकऱ्याच्या कामी आला! कंपनीच्या हिशेबाच्या वहीत हा नफा कुठे मांडला असेल असे मला वाटत नाही.

आता आमचा पाहुणा. त्याची कथा एका गवतापासून सुरू होते. गाजर गवत, काँग्रेस गवत, पांढरी फुली, चटकचांदणी – नावे कितीही घ्या, खाज तीच. हेही अमेरिकेचेच. पुण्यास ते १९५५ साली आढळले आणि पुढल्याच वर्षी त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. ‘पी. एल. ४८०’च्या मिलो-गव्हाबरोबर ते आले असे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी तारखा जुळवून पाहतो, तेव्हा ही गोष्ट थोडी अडखळते. कारण त्या कायद्याखालचा आपला पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे गवत दिसल्यानंतरचा. अर्थात १९५१ च्या कर्जाऊ गव्हातूनही अमेरिकेचे धान्य इथे उतरलेच होते. तेव्हा संशय अगदीच निराधार नव्हे. आरोपपत्रावरचे कलम मात्र बदलावे लागेल.

ते कसेही आले असो, त्याने पडीक रान, रस्त्याच्या कडा, शाळेची आवारे सारे व्यापले. एकेका झाडाला हजारोंनी बी. जनावरे तोंड लावीत नाहीत. आणि खुरपणीस जाणाऱ्या बायकांचे हात! कोपरापर्यंत चट्टे, रात्ररात्र खाज, कुणाला दमा. मजुरी बुडेल म्हणून ती माउली दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधावर बसते. या दुखण्याला बखर नाही.

मेक्सिकोत या गवताला खाणारा एक भुंगा आहे. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पाठीवर मळकट पांढऱ्या रंगात तपकिरी रेघा, जणू जुन्या सुताडा कापडाचा तुकडा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा. १९८३ साली तो बंगळूरला आणला गेला, बंदिस्त जागेत त्याची परीक्षा झाली आणि १९८४ साली त्याला मोकळे सोडले. भुंगा आणि त्याची अळी, दोघेही पाला खातात. झाड फुलावर येण्यापूर्वी गाठले तर बी धरतच नाही.

पण १९९० नंतर कर्नाटकात हाकाटी झाली, भुंगा सूर्यफूल खातो! ही भीती खोटी म्हणून उडवून देण्याजोगी नव्हती. १९६९ मध्ये रशियातून आलेल्या वाणांनी सूर्यफुलाचे पीक आपल्याकडे रुजले होते. मराठवाड्यातही कितीतरी घरांचा संसार त्या पिवळ्या शेतांवर चालू होता. भुंगे सोडण्याचे काम थांबले, चौकशी बसली. तपासाअंती संशोधकांनी सांगितले की, शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर सांडले तर भुंगा ती कुरतडतो. नुसत्या सूर्यफुलावर त्याचा वंश वाढत नाही. मौज अशी की सूर्यफूलही मूळचे अमेरिकेचेच, आणि गाजर गवताच्याच कुळातले. तीन देशबांधव हजारो कोसांवर भेटले आणि खटला आपल्या दारात चालला!

भुंगा निर्दोष सुटला. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. तिथल्या कीटकशास्त्र विभागात हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना देण्याचे काम झाले. जहांगीराच्या टर्कीसाठी सोने मोजावे लागले. आमचा शेतकरी भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीतून अमेरिकेचे प्राणी घरी नेतो आणि बांधावर सोडून देतो.

त्याने गाजर गवत संपवले असे मात्र कुणी समजू नये. पाऊस ओढला की भुंगा मागे पडतो आणि गवत पुढे सरकते. पावसाळा सरून थंडी पडू लागली की तो काळ्या जमिनीत शिरतो आणि महिनोन्‌महिने अन्नाशिवाय निपचित पडून राहतो. उन्हाळ्यात वर भेगा पडलेल्या असतात, तेव्हाही तो खालीच असतो. मृगाच्या सरी चांगल्या कोसळल्या, की माती उकरून वर येतो आणि गवताच्या कोवळ्या पानावर चढतो.