ट्रॅक कारसाठी इंजिन स्वॅप: हॉर्सपॉवरच्या आधी गिअरबॉक्स बघा

गाडीचं मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं बसवणं म्हणजे इंजिन स्वॅप. व्हिडिओत हे दोन तासांचं काम वाटतं, कारण खरं काम एडिटिंगमध्ये कापलेलं असतं. इंजिन क्रेनने खाली उतरवणं सोपं असतं. ते मॅन्युअल गिअरबॉक्सला जोडून वीस मिनिटं सलग रेसिंग ट्रॅकवर चालवणं, हा वेगळाच मामला आहे.

उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ घेऊया. अमेरिकेत हिला मिआटा म्हणतात. १९८९ साली आलेली, एक टनाच्या आसपास वजनाची, दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी. सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन होतं आणि १९९४ पासून १.८ लिटरचं, साधारण १२८ हॉर्सपॉवर आणि १४९ न्यूटन-मीटर टॉर्कचं. वळणावर गाडी भारी, सरळ रस्त्यावर मात्र बिचारी. म्हणून हिच्यात स्वॅप करणारे भरपूर.

दोन पर्याय नेहमी समोर येतात. एक, होंडाचं के२४: २.४ लिटर, ॲक्युरा टीएसएक्समधल्या व्हर्जनला सुमारे २०० हॉर्सपॉवर आणि २२५ न्यूटन-मीटर. दुसरा, जनरल मोटर्सचं एलएस१: ५.७ लिटर, आठ सिलिंडर, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ३४५ हॉर्सपॉवर. आकडे बघून कुणीही एलएसच म्हणेल. थांबा जरा.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना कुठे भेटतात ते बघा. बेलहाउसिंगचे बोल्ट, फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचे दाते, हे सगळं जुळायला हवं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या एपीआय जोडायच्या आहेत, मधे एक अडॅप्टर लागणार. के२४ साठी अशा अडॅप्टर प्लेट तयार मिळतात, आणि माझदाचाच गिअरबॉक्स ठेवता येतो. होंडाची जुनी बी-सिरीज इंजिनं उलट दिशेने फिरायची. के-सिरीज बाकीच्यांसारखी सुलट फिरते, म्हणूनच हे शक्य होतं. प्लेट केंद्रात नीट बसली नाही तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं, तेव्हा इथे स्वस्तातली प्लेट घेऊ नका.

एलएससोबत माझदाचा गिअरबॉक्स टिकत नाही, ४७५ न्यूटन-मीटर त्याच्या आवाक्याबाहेर. मग टी५६ नावाचा सहा गिअरचा बॉक्स येतो. त्याच्यासोबत मजबूत डिफरन्शियल, नवा प्रॉपशाफ्ट, मोठा रेडिएटर आणि मोठे ब्रेक. शिवाय टी५६ चा सहावा गिअर ०.५० चा, हायवेवर पेट्रोल वाचवण्यासाठी. ट्रॅकवर तो फक्त वजन वाहतो.

आता गणित. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्येही होईल: आरपीएम × टायरचा परीघ मीटरमध्ये × ०.०६, भागिले गिअर रेशो × फायनल ड्राइव्ह. उत्तर किमी प्रति तास. १८५/६० आर१४ टायरचा परीघ साधारण १.८१ मीटर. माझदाच्या ५-स्पीडचा दुसरा गिअर १.८८८, तिसरा १.३३०, १.८ ची फायनल ४.१. सात हजार आरपीएमला दुसऱ्यात साधारण ९८, तिसऱ्यात १४० किमी. समजा तुमच्या ट्रॅकच्या एका वळणातून तुम्ही ९५ ने बाहेर पडता. तोंड सरळ होईपर्यंत गिअर बदलायची वेळ येते, क्लच दाबला की मागची चाकं डगमगतात. फायनल ३.९०९ केली की दुसरा गिअर १०३ पर्यंत जातो. के२४ चा टॉर्क १.८ पेक्षा दीडपट आहे, त्यामुळे हा उंच रेशो त्याला जड जात नाही. हा बदल वीस हॉर्सपॉवरपेक्षा जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत.

१.६ वाल्या गाडीत एक अडचण आहे, तिचं डिफरन्शियल छोटं आहे. के२४ टाकायचं तर १.८ चं आधी शोधा.

वायरिंगचं काम लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच महिने जातात. इंजिनसोबत त्याचाच ईसीयू, सेन्सर आणि हार्नेस घ्या, इमोबिलायझर बंद करायची सोय असलेला ट्यूनिंग ईसीयू बघा. के२४ आडवं बसायला बनलेलं आहे, उभं बसवताना ऑइलचा चेंबर बदलावा लागतो. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग काही सेकंदांत संपतात. आडपडदे असलेला चेंबर घ्या, ऑइल प्रेशरचा मीटर नजरेसमोर लावा.

भारतात माझदा अधिकृतपणे विकली जात नाही, पण हेच गणित कुठल्याही गाडीला लागू पडतं. फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं: नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं इंजिन टाकायला मोकळीक नाही. म्हणून अशी गाडी ट्रॅकपुरतीच ठेवतात आणि ट्रेलरवर नेतात. ट्रेलरचं भाडंही बजेटमध्ये धरा.