आंधळगाव ते यकृताची प्रतीक्षायादी: 1994 च्या कायद्यामागचा इतिहास

1994 च्या एका केंद्रीय कायद्याच्या उद्देशिकेत तीनच राज्यांची नावे आढळतात: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. कायदा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, हातमागासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंधळगावात आज एखाद्याचे यकृत निकामी झाले, तर त्याला नवे यकृत कोण देऊ शकेल आणि त्यासाठी कुठे नाव नोंदवावे लागेल, हे याच कायद्याने ठरते. त्याचा इतिहास या धाग्यात.

आधी ती तीन नावे. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. त्यावर संसदेने कायदा करायचा, तर निदान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून तिला तसा अधिकार द्यावा लागतो; राज्यघटनेचे 252 वे कलम ते हेच. या तिघांनी ठराव केले, म्हणून कायदा होऊ शकला. 4 फेब्रुवारी 1995 पासून तो या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला.

गरज मात्र फार आधीची. 16 फेब्रुवारी 1968 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. केपटाऊनमधील जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. पण त्या शस्त्रक्रियेने एक प्रश्न मागे ठेवला: दाता नेमका केव्हा मेला असे मानायचे? हृदय थांबण्याची वाट पाहावी तर अवयव खराब होऊ लागतात. न पाहावी तर डॉक्टरांवर जीव घेतल्याचा आरोप येऊ शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळायला 1994 उजाडावे लागले. मधली 26 वर्षे रिकामी गेली नाहीत, हे वाईट. नातेवाइकांत दाता नाही आणि मृताचा अवयव घेता येत नाही, अशा कोंडीत मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेला. गरिबाने विकायचे आणि श्रीमंताने घ्यायचे. 1994 च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला.

यकृताची वाट आणखी बिकट होती. 1 मार्च 1963 रोजी डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचे बालक. रक्तस्राव आवरला नाही आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेले. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच तयार करते. म्हणजे ज्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया हवी, त्याचेच रक्त गोठत नाही. 1967 मध्ये स्टार्झल यांचा एक रुग्ण वर्षाहून अधिक जगला. तरीही परक्या अवयवावर शरीर तुटून पडे. सायक्लोस्पोरिन या औषधाने ते बरेच आटोक्यात आले, आणि 1983 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने ही शस्त्रक्रिया आता प्रयोगाच्या पायरीवर राहिलेली नाही, असा निर्वाळा दिला. प्रत्यारोपणानंतर रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आजही सहसा जन्मभर घ्याव्या लागतात.

भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीत झाले. वडिलांच्या यकृताचा तुकडा त्यांच्या तान्ह्या मुलाला बसवला गेला. कापलेले यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढते, म्हणून हे शक्य होते. दात्यालाही मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका असतोच. घरात ही गोष्ट स्पष्ट बोलली गेली पाहिजे. देऊ शकणाऱ्यांत पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही आली. इतर कोणी देणार असेल, तर प्राधिकार समितीची परवानगी लागते.

घरात जुळणारा दाता नसेल, तर प्रतीक्षायादी. महाराष्ट्रात त्यासाठी चार विभागीय केंद्रे आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. नाव रुग्णालयामार्फतच नोंदवले जाते. भंडारा नागपूरच्या कक्षेत येतो. पण नागपुरात यकृत प्रत्यारोपण सुरू झाले ते 2018 मध्ये. त्याआधी नागपुरात दान झालेले यकृत ग्रीन कॉरिडॉर करून विमानाने दुसऱ्या शहरात जाई. काढलेले यकृत साधारण बारा तासांच्या आत बसवावे लागते, आणि बोलावणे अपरात्रीही येऊ शकते. म्हणून आंधळगावच्या रुग्णाला परक्या शहरात खोली घेऊन वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मागाचे काम असे बेमुदत सोडून जाणे कोणत्या विणकराला परवडणार?

उशीर व्हायला अंतराखेरीज आणखी एक कारण आहे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झाले, की कावीळ उतरली, हा उपाय महाराष्ट्रभर चालत आला आहे. साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय त्या पाण्याला मिळते. पण पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी, भान हरपणे ही यकृत हरत चालल्याची लक्षणे आहेत. तेव्हा दवडलेले महिने यादीत भरून निघत नाहीत.

2011 च्या त्याच दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. जेथे प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह आहे, अशा रुग्णालयालाही नोंदणी करून मृताचे अवयव काढता येतात. आणि अतिदक्षता विभागात मेंदूमृत झालेल्या रुग्णाच्या आप्तांना अवयवदानाविषयी विचारणे बंधनकारक झाले. त्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करावा लागतो. त्या वेळी रुग्णाचे हृदय धडधडत असते आणि अंग उबदार असते.