माकडांच्या मरणाचा अर्थ

नायजेरिया, घाना किंवा सेनेगलला नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी एक लस टोचून घ्यावी लागते आणि तिची नोंद असलेले पिवळे कार्ड जवळ बाळगावे लागते. परत येताना विमानतळावर ते दाखवता आले नाही, तर आपले सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. हे कार्ड पीतज्वराच्या लशीचे असते. गंमत अशी की भारतात पीतज्वराची साथ आल्याची एकही नोंद नाही. मग जो रोग आपल्याकडे नाही, त्याचा एवढा धसका कशासाठी?

या प्रश्नाच्या उत्तरात पश्चिम आफ्रिकेतील एक प्रयोगशाळा येते, पुण्यातील एक प्रयोगशाळा येते आणि या दोहोंना जोडणारी माकडे येतात. माकडे मेली, तर त्या मरणाचा अर्थ कसा लावायचा, हे शास्त्रज्ञ पहिल्या ठिकाणी शिकले आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांनी ते वापरून पाहिले.

प्राण्यावाचून अडलेले संशोधन

पीतज्वरात जोराचा ताप येतो, कावीळ होते, रोग बळावला तर काळ्या रक्ताच्या उलट्या होतात. हा रोग डासामुळे पसरतो, अशी कल्पना क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडली. वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने १९०० साली हवाना येथे ती सिद्ध केली. तो डास म्हणजे घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढणारा ईडिस इजिप्ती. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा डास. रोगाचे कारण अतिसूक्ष्म असून ते जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, असेही रीड यांच्या पथकाला आढळले होते.

पण पुढे गाडे अडले. हा रोग होईल असा एकही प्राणी प्रयोगशाळेत मिळेना. त्यामुळे प्रयोग करायचा तो माणसावरच. रीड यांचे सहकारी जेसी लेझिअर त्या कामात १९०० साली पीतज्वरानेच मरण पावले. प्रयोगाला प्राणी नाही म्हणजे जंतू वेगळा काढता येत नाही, तो जिवंत ठेवता येत नाही आणि लशीचा तर विचारच नको.

या पोकळीत एक चुकीचे उत्तर शिरले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील नामवंत जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची १९१८ साली इक्वेडोरला गेले. तेथील रुग्णांच्या रक्ताने गिनीपिग आजारी पडले आणि त्यांच्यात लेप्टोस्पायरा नावाचे स्क्रूसारखे वेटोळे असलेले जिवाणू दिसले. हेच पीतज्वराचे कारण, असे नोगुचींनी जाहीर केले आणि त्यावर लसही बनवली. वास्तविक तो जिवाणू वाइल रोगाचा होता. त्या रोगातही ताप आणि कावीळ दोन्ही असतात. हे दोन जंतू एकच आहेत, असे मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२६ साली दाखवून दिले.

लेगॉसजवळील प्रयोगशाळा

रॉकफेलर प्रतिष्ठानने १९२५ साली नायजेरियातील लेगॉसजवळ याबा येथे पीतज्वरासाठी एक पथक बसवले. हेन्री ब्यूक्स त्याचे प्रमुख होते. पथकाने रुग्णामागून रुग्ण तपासले, पण लेप्टोस्पायरा काही सापडला नाही. रुग्णांचे रक्त गिनीपिगांना टोचले, आफ्रिकेतील माकडांना टोचले. कोणीही आजारी पडेना.

मग लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील प्राध्यापक एड्रियन स्टोक्स पथकात आले आणि बाहेरच्या मुलखातील माकडे मागवून पाहायचे ठरले. त्यांत भारतातून युरोपच्या बाजारात गेलेली ऱ्हीसस माकडे होती. उत्तर भारतात देवळांच्या आणि रेल्वे स्टेशनांच्या आसपास दिसतात तीच ही माकडे.

३० जून १९२७ रोजी आजच्या घानामधील क्पेव्हे या गावी असिबी नावाच्या २८ वर्षांच्या तरुणाच्या अंगात ताप होता. त्याचे थोडे रक्त घेऊन एका ऱ्हीसस माकडाला टोचण्यात आले. असिबी बरा झाला. माकड मात्र काही दिवसांतच मेले आणि त्याच्या यकृतात पीतज्वराच्या खुणा मिळाल्या. त्याच्या रक्ताने दुसरे माकड आजारी पडले, डासांमार्फत तिसरे. रक्तजल गाळणीतून गाळून टोचले तरी रोग होत होता. कारण जिवाणू नव्हे, विषाणू आहे, हे स्टोक्स, बाउअर आणि हडसन या तिघांनी सिद्ध केले.

याची किंमत मोठी होती. प्रयोग चालू असतानाच स्टोक्स यांना लागण झाली. आपल्या रक्ताचाही प्रयोगासाठी उपयोग करावा, असे त्यांनी आजारपणातच सहकाऱ्यांना सांगितले. १९ सप्टेंबर १९२७ रोजी ते वारले. आपले म्हणणे पडताळून पाहण्यासाठी नोगुची स्वतः आफ्रिकेत आले आणि २१ मे १९२८ रोजी आक्रा येथे पीतज्वरानेच गेले. त्यांच्या शवाची तपासणी करणारे ब्रिटिश रोगशास्त्रज्ञ विल्यम यंग हेही त्याच महिन्यात दगावले.

त्या मरणाने काय सांगितले?

एकाच विषाणूने आफ्रिकेतील माकडे आजारी पडत नाहीत आणि भारतातील माकडे पटापट मरतात, असे का व्हावे? आफ्रिकेच्या जंगलांत हा विषाणू आणि तेथील माकडे हजारो वर्षे एकत्र राहिली आहेत. जी माकडे तग धरू शकली त्यांचीच संतती पुढे टिकली. भारतातील माकडांची या विषाणूशी कधी गाठच पडली नव्हती. दक्षिण अमेरिकेतही पीतज्वराने जंगलातील हाउलर माकडे मोठ्या संख्येने मरतात, कारण तेथे हा विषाणू गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून गेला. त्याला काही शतकेच झाली आहेत.

म्हणजे लेगॉसमध्ये मेलेल्या माकडांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पीतज्वर भारतात नांदत नाही. दुसरी, तो आला तर त्याला येथे सर्व काही तयार मिळेल. डास आहे, माकडे आहेत आणि प्रतिकारशक्ती नसलेली कोट्यवधी माणसे आहेत.

भीती तशी जुनी होती. पनामा कालवा १९१४ साली खुला झाला. त्यामुळे अमेरिकेतील रोग जहाजांतून थेट पूर्वेकडे येईल, अशी शंका असल्याने भारत सरकारने आधीच मेजर एस. पी. जेम्स यांना पाहणीसाठी पाठवले होते. आता त्या शंकेला प्रयोगाचा आधार मिळाला. पुढे विमाने सुरू झाली आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला.

पुढची पावले भराभर पडली. हा विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूत वाढतो, असे थायलर यांनी १९३० साली दाखवले. महागड्या माकडाच्या जागी स्वस्त उंदीर आला. त्यातून एक साधी चाचणी निघाली. एखाद्या माणसाचे रक्तजल विषाणूत मिसळून उंदराला टोचायचे. उंदीर जगला, तर त्या रक्तजलात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे आहेत, म्हणजे त्या माणसाला पूर्वी कधीतरी हा रोग होऊन गेला आहे. उंदीर मेला, तर प्रतिपिंडे नाहीत. रोगी समोर नसतानाही एखाद्या प्रदेशाचा पूर्वेतिहास या चाचणीने वाचता येऊ लागला. पश्चिम आफ्रिकेत अशी प्रतिपिंडे ठिकठिकाणी आढळली; आशियातून गोळा केलेल्या नमुन्यांत ती मिळाली नाहीत. माकडांनी सांगितलेल्या गोष्टीला उंदरांनी दुजोरा दिला.

असिबीच्या रक्तातला विषाणूही जिवंत राखण्यात आला होता. तो पेशींमध्ये वाढवत वाढवत थायलर आणि ह्यू स्मिथ यांनी १९३७ साली '१७-डी' हा सौम्य वाण मिळवला. आजही जगभर पीतज्वराची लस याच वाणापासून बनते. थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुण्यातील प्रयोगशाळा

१९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलेम आणि नंतर नायजेरियातील इबादान येथेही अशीच केंद्रे निघाली. डास, गोचीड, वालुमक्षिका अशा प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हे त्यांचे काम होते. पीतज्वरामुळे हाताशी आलेली साधने आता इतर विषाणूंसाठी वापरायची होती.

आफ्रिकेत वेस्ट नाईल विषाणू शोधणारे केनेथ स्मिथबर्न पुण्यात काम करून गेले. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारताच्या निरनिराळ्या भागांतील रहिवाशांची रक्तजले तपासून १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतीयांच्या रक्तात अनेक विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे होती. वेस्ट नाईल आणि झिका ही आफ्रिकेतील नावेही त्या यादीत होती. अर्थात असे निष्कर्ष जपून वापरावे लागतात, कारण एका विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्याच्या जवळच्या नात्यातील विषाणूलाही थोडीफार चिकटतात.

मग मार्च १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली. क्यासनूर जंगलाच्या परिसरात वानरे आणि माकडे मरून पडत होती आणि जवळच्या खेड्यांतील माणसे तापाने आजारी होती. ही बातमी वाचताना पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या मनात काय आले असेल, हे वाचकांनी आता ओळखले असेलच. जंगलात माकडे मरत आहेत, जवळच माणसांना ताप आहे, तर अखेर पीतज्वर भारतात आला की काय?

केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी शोध हाती घेतला. ट्रॅपिडो यांनी पनामाच्या जंगलात पीतज्वरावर काम केलेले होते. मेलेल्या माकडांपासून आणि रुग्णांपासून विषाणू वेगळा काढण्यात आला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडांमार्फत मेंदूज्वर पसरवणाऱ्या विषाणूशी त्याचे नाते होते. येथेही वाहक डास नव्हे, गोचीडच निघाली. या नव्या रोगाला 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' असे नाव मिळाले. आपल्याकडे त्याला 'माकडताप' म्हणतात.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'माकडे मरतात म्हणजे रोग बाहेरून आला', हा लेगॉसचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडला नाही. माकडतापाचा विषाणू गोचिडी आणि उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी यांच्यात जंगलातच फिरत असतो. माणसाने जंगल तोडले, गुरे चरायला आत नेली, तशा गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढल्या आणि माकडांशी व माणसांशी त्यांचा संबंध वाढला, असे अभ्यासक मानतात. धड्यातला प्रश्न बरोबर होता, उत्तर निराळे निघाले. जुन्या अनुभवावरून शंका घ्यावी, पण निर्णय पुराव्यावरच करावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हा रोग पुढे शिमोग्यापुरता राहिला नाही. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूच्या बागेत किंवा रानात सरपणाला जाणाऱ्यांना तो गाठतो, मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून त्याच जागी राहतात. म्हणून मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे, हे त्या भागातील प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे. माकडतापावर लस बनवली गेली होती, पण तिचा गुण अपुरा ठरल्याने कर्नाटकात २०२२ साली तिचा वापर थांबला. १७-डी सारखे यश प्रत्येक विषाणूच्या बाबतीत मिळत नाही.

अजून बाकी असलेला प्रश्न

डास आहे, माकडे आहेत, माणसे आहेत; तरी पीतज्वर आशियात का पसरला नाही? याला आजही एक ठाम उत्तर नाही. डेंग्यूच्या प्रतिपिंडांनी थोडे संरक्षण मिळत असेल, येथील डास हा विषाणू तितक्या सहजपणे वाहत नसतील किंवा केवळ योग्य वेळी योग्य ठिकाणी तो पोचलाच नसेल, अशी अनुमाने आहेत. शेवटचे अनुमान सर्वांत काळजीचे आहे. २०१६ साली अंगोलातील साथीच्या वेळी तेथून परतलेल्या ११ चिनी कामगारांना चीनमध्ये पीतज्वर असल्याचे निष्पन्न झाले. आशियात पीतज्वराचे रुग्ण पोचल्याची ही पहिलीच नोंद होती. रोग तेथे पसरला नाही. त्याच साथीत लशीचा तुटवडा इतका पडला की किन्शासा शहरात नेहमीच्या मात्रेचा पाचवा भाग देऊन काम भागवावे लागले. पिवळ्या कार्डाची सक्ती आणि विमानतळाभोवती ४०० मीटरपर्यंत डासांची पैदास रोखण्याचा आंतरराष्ट्रीय नियम यांचे कारण हे असे आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. रक्तजल आणि उंदीर यांची चाचणी फळ्यावर मांडून मुलांना विचारावे की, उंदीर जगला तर आणखी कोणते कारण संभवते, आणि ते वगळण्यासाठी सोबत कोणता प्रयोग करून पाहावा लागेल? टोचलेला विषाणूच मेलेला नव्हता ना, हे कोणीतरी नक्कीच विचारील. तुलनेसाठी ठेवलेल्या प्राण्यांचे महत्त्व त्यातून आपोआप कळेल.

आणि स्टोक्स, नोगुची, थायलर यांच्याबरोबर असिबीचेही नाव सांगावे. त्याच्या रक्तातील विषाणूपासून निघालेली लस कोट्यवधी माणसांना टोचली गेली आहे. पुण्याहून आक्र्याला किंवा लेगॉसला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर नोंद असते ती तिचीच.