नोकरीसाठी परदेशी जाताना: विमानतळावरील इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी

आखाती देशांत बांधकाम, वाहनचालक, घरकाम, हॉटेल, सफाई अशा कामांसाठी जाणाऱ्या अनेक कामगारांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. तिकीट, व्हिसा आणि एजंटचे पैसे यांसाठी घरातले दागिने मोडलेले असतात किंवा कर्ज काढलेले असते. अशा वेळी विमानतळावरून परत पाठवले गेले किंवा परदेशात उतरल्यावर बॅगेतील वस्तूमुळे अटक झाली, तर नुकसान संपूर्ण कुटुंबाचे होते. यातील बहुतेक अडचणी घरातून निघण्यापूर्वीच टाळता येतात.

दोन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. पहिली, व्हिसा ज्या कामाचा आहे तेच काम आणि तेच कारण काउंटरवर सांगावे. दुसरी, तुमच्या नावाच्या बॅगेत जे सापडेल त्याचा जबाब तुम्हालाच द्यावा लागतो, मग ती वस्तू कोणीही दिलेली असो.

इमिग्रेशन आणि कस्टम्स म्हणजे काय?

इमिग्रेशनच्या काउंटरवर माणसाची तपासणी होते. पासपोर्ट खरा आहे का, व्हिसा कशासाठी आहे आणि प्रवासाला परवानगी आहे का, हे तेथे पाहतात. कस्टम्स, म्हणजेच सीमाशुल्क विभाग, सामानाची तपासणी करतो. मनाई असलेली वस्तू, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सोने किंवा रोकड सोबत आहे का, हे तेथे पाहतात. या दोन्ही तपासण्या भारतातून निघताना आणि परदेशात उतरल्यावर होतात. परत येतानाही दोन्ही देशांत हीच पद्धत असते.

आधी पासपोर्ट पाहा: ईसीआर आहे का?

साधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो. तशी नोंद पासपोर्टवर छापलेली असते. जानेवारी २००७ पासून दिलेल्या पासपोर्टवर अशी नोंद नसेल, तर तो ईसीआर नाही असे समजावे.

ईसीआर पासपोर्टवर पुढील १८ देशांत नोकरीसाठी जायचे असल्यास उत्प्रवास कायदा, १९८३ नुसार सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती नोकरीवर जाण्याआधीच मिळालेली असावी.

- आखाती देश: संयुक्त अरब अमिरात (दुबई, अबूधाबी इत्यादी), सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहारीन
- पश्चिम आशिया व आफ्रिकेतील इतर देश: इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान
- इतर देश: अफगाणिस्तान, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड

ही मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांच्या कार्यालयामार्फत मिळते. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, कोची, जयपूर, चंदीगड अशा शहरांत ही कार्यालये आहेत.

ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणाऱ्या महिलांसाठी किमान वय ३० वर्षे आहे. त्यांची भरती ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. कोणी खासगी एजंट "वयाचे बघून घेतो" म्हणत असेल, तर तेथेच थांबावे.

व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका

"आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो," असे काही एजंट सांगतात. "काउंटरवर आपली ओळख आहे" किंवा "विचारले तर फिरायला चाललो म्हणा" असेही शिकवतात. असे केल्यास पुढील नुकसान होऊ शकते.

- भारतातील इमिग्रेशन अधिकाऱ्याला संशय आल्यास प्रवाशाला विमानात बसू दिले जात नाही. यालाच ऑफलोड करणे म्हणतात. तिकिटाचे पैसे बुडतात.
- व्हिजिट व्हिसावर काम करणे तेथील कायद्याने गुन्हा ठरते. दंड होऊ शकतो, देशाबाहेर काढले जाऊ शकते आणि पुन्हा प्रवेशावर बंदी येऊ शकते.
- नोकरीचा करार भारत सरकारकडे नोंदलेला नसतो. पगार थकला, तर तक्रारीला आधार राहत नाही.
- मंजुरीसोबत मिळणारा विमाही मिळत नाही.

नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याची पावती अवश्य घ्यावी. एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो.

प्रवासी भारतीय बीमा योजना

ईसीआर पासपोर्टवर मंजुरी घेऊन जाणाऱ्या कामगाराला हा विमा घ्यावाच लागतो.

- अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये
- हप्ता: २ वर्षांसाठी २७५ रुपये, ३ वर्षांसाठी ३७५ रुपये (कर वेगळा)
- उपचार, नोकरीसंबंधी कायदेशीर खर्च आणि ठरावीक कारणांनी मुदतीपूर्वी परतावे लागल्यास विमानभाडे, यांसाठीही मर्यादित रक्कम

विम्याच्या कागदाची एक प्रत घरी ठेवावी. वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, हे त्या व्यक्तीला सांगून ठेवावे.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

पुढील कागदपत्रे हातातील पिशवीत ठेवावीत, चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत.

- पासपोर्ट (किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला)
- नोकरीचा व्हिसा आणि त्याची छापील प्रत
- नोकरीचा करार, उत्प्रवास मंजुरी आणि विम्याचा कागद
- एजंटला दिलेल्या पैशांची पावती
- मालकाचे नाव, कंपनीचा पत्ता आणि तेथील फोन क्रमांक
- तेथील भारतीय दूतावासाचा फोन क्रमांक, कागदावर लिहिलेला (मोबाइल बंद पडू शकतो)

सर्व कागदपत्रांचा एक झेरॉक्स संच घरी ठेवावा. करारातील पगार, कामाचे स्वरूप आणि मालकाचे नाव व्हिसावरील माहितीशी जुळते का, हे घरीच पाहावे. व्हिसा घरकामाचा आणि करार वाहनचालकाचा, असा फरक असेल तर निघू नये. आधी खुलासा करून घ्यावा.

परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी सरकारतर्फे एक दिवसाचे मोफत प्रस्थानपूर्व प्रशिक्षण दिले जाते. त्यात त्या देशाचे कायदे आणि कामगाराचे हक्क यांची माहिती मिळते. ते शक्यतो चुकवू नये.

बॅग भरताना

आपल्याकडे रोजच्या वापरातील काही वस्तू आखाती देशांत अमली पदार्थ किंवा मनाई असलेल्या वस्तू मानल्या जातात.

- खसखस: ही अफूच्या झाडाची बी असल्याने अमिरात आणि सौदी अरेबियात नेण्यास मनाई आहे. खसखस सुटीच असते असे नाही. करंजीचे सारण, अनारसे, घरचा मसाला यांतही ती असते. फराळ आणि मसाला न्यायचाच असेल, तर खसखस न घालता करावा.
- विड्याची पाने, पान, गुटखा, खर्रा, भांग: यांपैकी काहीही सोबत नेऊ नये. भांग भारतात काही ठिकाणी परवानाधारक दुकानात मिळते, पण आखाती देशांत ती बाळगणे गंभीर गुन्हा आहे.
- औषधे: कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या किंवा मानसिक आजारावरील काही गोळ्या यांवर तेथे कडक नियंत्रण आहे. अशी औषधे चालू असतील, तर त्या देशाची पूर्वपरवानगी लागते का, हे आधी विचारावे. इतर औषधेही मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. सुट्या गोळ्या कागदात बांधून नेऊ नयेत.
- दारू आणि डुकराचे मांस: सौदी अरेबियात नेण्यास मनाई आहे.
- रोकड: भारतात राहणाऱ्या व्यक्तीला २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन सोबत नेता येते.
- अंगावरील दागिने: जास्त दागिने घालून जाणार असाल आणि तेच परत आणणार असाल, तर निघताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते दाखवल्यास शुल्काचा प्रश्न येत नाही.

दुसऱ्याचे पाकीट घेऊ नका. "माझ्या भावाला एवढे लोणचे द्या," असे म्हणून विमानतळावर किंवा आदल्या दिवशी कोणी पाकीट देते. लोणच्याच्या बरणीत, चपलेच्या तळव्यात किंवा शिवलेल्या पिशवीत अमली पदार्थ लपवलेले असू शकतात. "मला माहीत नव्हते," हे सिद्ध करेपर्यंत तुरुंगात राहावे लागते. देणारा एजंट असो किंवा नातेवाईक, नम्रपणे नकार द्यावा. घरचीच वस्तू असेल, तर ती स्वतः उघडून पाहावी आणि स्वतः भरावी.

विमानतळावर काय होते?

*भारतातून निघताना.* प्रथम विमान कंपनीच्या काउंटरवर सामान देऊन बोर्डिंग पास घ्यावा. त्यानंतर इमिग्रेशन, कस्टम्स आणि शेवटी सुरक्षा तपासणी होते. भारतीय प्रवाशांना निघताना भरावे लागणारे कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झाले आहे. ते भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

इमिग्रेशन अधिकारी कुठे चाललात, कोणते काम आहे, मालक कोण, असे विचारू शकतात. थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. प्रश्न समजला नाही, तर हिंदीत विचारण्याची विनंती करावी. घाबरून अंदाजाने "हो" म्हणू नये.

*परदेशात उतरल्यावर.* तेथे पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची तपासणी होते. त्यानंतर सामान घेऊन कस्टम्समधून जावे लागते. बॅग उघडण्यास सांगितल्यास शांतपणे उघडावी. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल, तर ती लपवण्यापेक्षा आपणहून दाखवावी. वाचता न येणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. दुभाषा मागावा.

परत येताना

बॅगेत जाहीर करण्यासारखे काही नसेल तर हिरव्या मार्गाने जावे. शुल्क लागणारी वस्तू असेल किंवा शंका असेल, तर लाल मार्गाने जाऊन सांगावे. एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि महिलेला ४० ग्रॅमपर्यंत सोन्याचे दागिने शुल्काशिवाय आणण्याची सवलत आहे. बिस्किटे आणि नाणी यांना ती लागू नाही. सामानाच्या किमतीची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. ५,००० अमेरिकन डॉलरपेक्षा जास्त परकीय नोटा असतील, तर त्या जाहीर कराव्या लागतात.

"हे सोने घेऊन जा, बाहेर आमचा माणूस घेईल, तिकीट आम्ही काढतो," अशी ऑफर येऊ शकते. ही तस्करी आहे. पकडले गेल्यास सोने जप्त होते आणि सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार अटक होते ती बॅग नेणाऱ्याची. सोने देणारा समोर येत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*ईसीआर पासपोर्टवर फिरायला किंवा मुलाला भेटायला जाता येते का?*
होय. नोकरीसाठी जात नसाल, तर उत्प्रवास मंजुरी लागत नाही. वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट सोबत ठेवावे.

*नंतर दहावी उत्तीर्ण झालो. ईसीआरची नोंद काढता येते का?*
होय. दहावीचे प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा जारी करण्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करावा.

*ऑफलोड केले, तर काय करावे?*
वाद घालू नये. कारण नीट विचारून घ्यावे, विमान कंपनीकडून सामान परत घ्यावे आणि जवळच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात जावे. एजंटने फसवले असल्यास पावती आणि मोबाइलवरील संदेश घेऊन तेथे तसेच पोलिसांकडे तक्रार करावी.

*मालकाने पासपोर्ट मागितला, तर द्यावा का?*
भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. व्हिसाच्या शिक्क्यासाठी तो काही दिवस द्यावा लागू शकतो. काम झाल्यावर परत मागावा. मिळाला नाही, तर दूतावासाला कळवावे.

*परदेशी विमानतळावर अडवले किंवा अटक झाली, तर?*
"मला भारतीय दूतावासाशी बोलायचे आहे," असे स्पष्ट सांगावे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार हा तुमचा हक्क आहे. गरजू भारतीयांना कायदेशीर मदत, तात्पुरता निवारा किंवा परतीचे तिकीट देण्यासाठी भारतीय दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे.

*मदत कुठे मिळेल?*
भारतात प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. अमिरातीत ८०० ४६३४२ हा क्रमांक आहे. परदेशातील तक्रार घरच्यांनाही परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक लागतो, म्हणून घरी ठेवलेला झेरॉक्स संच जपून ठेवावा.